दूरच्या पडद्याचा दोष कोणाचा?

गतवर्षींच्या स्नेहसंमेलनांत बाळापूरच्या किल्ल्यावर आमच्या विद्यार्थ्यांनीं तयार केलेला एक लहानसा चित्रपट दाखविण्याचें ठरलें होतें. इ. स. १७५७ मध्यें पुरा झालेला हा किल्ला व मिर्झाराजे जयसिंगांची नदीकांठची छत्री येथील प्रत्येक मुलाच्या परिचयाचीं आहेत. सभागृह लहान, म्हणून मातृवर्गाची बैठक बाहेर व्हरांड्यांत केली आणि सभागृहांतील संगणकापासून तेथील दुसऱ्या पडद्यापर्यंत तार नेली. आंत चित्र उत्तम उमटलें. बाहेर मात्र काळा पडदा, मध्येंच क्षणभर चमक, पुन्हां काळोख. ज्यांच्या मुलांनीं तें काम केलें त्या आयांसच तें दिसलें नाहीं. तार ओढणाऱ्या नववीच्या विद्यार्थ्यास आम्ही सर्वांदेखत रागें भरलों.

दुसरे दिवशीं शांतपणें तपासणी केली. बाहेरचा पडदा संगणकाशेजारीं आणून हातभर तारेनें जोडला; चित्र स्वच्छ आलें. म्हणजे संगणक निर्दोष, पडदाहि निर्दोष. उरली ती मधली वाट. पंधरा पंधरा मीटरच्या दोन एचडीएमआय तारा मध्यें जोड देऊन एक केलेल्या होत्या, आणि स्वस्त पडतात म्हणून त्या आम्हींच आणविल्या होत्या! संगणकावर चित्राचें माप १०८० ओळींवरून ७२० वर आणतांच बाहेरहि चित्र दिसूं लागलें. कारण उघड आहे. सेकंदास ६० वेळां बदलणारें १०८० ओळींचें चित्र नेण्यास तारेंतून दर सेकंदास सुमारें ४४५ कोटी बिट जावे लागतात. ७२० ओळींस त्याच्या निम्मे पुरतात. तांब्याची तार जितकी लांब, तितके हे जलद ठोके पुसट होत जातात. जुन्या व्हीजीए तारेंत असें झालें म्हणजे चित्र अंधुक होई, अक्षरांस छाया पडे, पण दिसे तरी. नव्या अंकीय तारेची रीत निराळी. एका मर्यादेपर्यंत ती बिनतक्रार चालते, मग पडद्यावर ठिपके चमकूं लागतात, आणि थोडें पुढें गेलें कीं कांहींच नाहीं. यामुळें काल चाललेलें आज बंद पडतें, व शेवटचा हात ज्याचा लागला तो गुन्हेगार ठरतो.

आणखी एक गोष्ट पुष्कळांस ठाऊक नसते. पडदाहि त्याच तारेंतून आपली ओळख संगणकास सांगत असतो: आपलें माप काय, ओळी किती. ईडीआयडी नांवाची ही ओळख मूळची अवघ्या १२८ बाइटांची; पण ती न पोंचली तर संगणक समोर पडदाच नाहीं असें समजतो, किंवा भलतेंच माप पाठवितो. एकच चित्र दोन पडद्यांस वांटणारी पेटी कित्येकदां एकाचीच ओळख वाचते. अशा वेळीं तारा बदलीत बसण्यांत अर्थ नाहीं. दोघांस पेलेल असें माप आपणच ठरवून द्यावें.

आमचें स्पष्ट मत असें आहे कीं, शाळा मोठ्या पडद्यावर हौसेनें खर्च करतात आणि काटकसर करतात ती तारेवर. लांबच्या अंतरास दोन टोकांस दोन पेट्या व मध्यें कॅट-६ तार हवी. २०१० सालीं निघालेल्या एचडीबेसटी पद्धतीनें १०८० ओळींचें चित्र १०० मीटरपर्यंत नेतां येतें. मात्र ती तार निखळ तांब्याची असावी. ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली नको.

हें सर्व वाचून आम्हीं ती सामग्री आणविली, आणि तरीहि फसलों. तपासयंत्राचे आठहि दिवे ओळीनें लागत, पण चित्र थरथरे. या तारेंतील आठ तंतु दोन दोन पिळून चार जोड्या केलेल्या असतात. ही पिळण्याची युक्ति १८८१ मधील, टेलिफोनवाल्या अलेक्झांडर ग्राहम बेलची. पिळामुळें बाहेरचा उपद्रव दोन्ही तंतूंवर सारखाच होतो व निष्फळ ठरतो. जोडणाऱ्यानें दोन्ही टोकांस रंग एकाच क्रमानें लावले होते खरे, परंतु चारहि जोड्या शेजारीं शेजारीं मांडल्या होत्या. वास्तविक चौथा व पांचवा खण एका जोडीचा, आणि तिसरा व सहावा दुसरीचा. वीज पोंचली एवढेंच दिवा सांगतो. जोडी फुटली हें त्यास कळत नाहीं. (गुणपत्रिकेविषयींहि आम्हांस कधीं कधीं अशीच शंका येते!) हा दोष शोधून काढला तो त्याच विद्यार्थ्यानें. एका वेळीं एकच गोष्ट बदलावयाची व काय झालें तें वहींत टिपावयाचें, हा त्याचा क्रम आमच्या रागापेक्षां पुष्कळच शास्त्रीय होता.

त्यास आम्ही बोललों ते सर्वांदेखत, आणि चूक कबूल केली ती व्हरांड्यांत, जवळ कोणी नसतांना. यंदा तोच चित्रपट पुन्हां दाखवावा, प्रथम मातृवर्गास, आणि तत्पूर्वीं भरसभेंत त्या मुलाची क्षमा मागावी, असें आम्हीं ठरविलें आहे.