बोलणारा कुत्रा आणि ऐकणारा माणूस

पडद्यावर कुत्रा बोलू लागला की प्रेक्षागृहात आधी हशा पिकतो. ते स्वाभाविकच आहे. इसापनीती आणि पंचतंत्र यांवर वाढलेल्या आपल्याला प्राण्यांचे बोलणे एक तर बोधाचे वाटते, नाही तर गमतीचे. पण काही दिग्दर्शकांनी या बोलक्या कुत्र्याला थेट थरारपटात आणून उभे केले आणि तिथे मात्र हसू ओठांवरच विरले. असे का व्हावे?

कुत्रा हा घरातला सर्वांत पक्का साक्षीदार असतो. कोण आले, कोण गेले, कोणाच्या हाताला कसला वास होता, हे सारे त्याला ठाऊक असते. फक्त त्याची साक्ष नोंदवून घेता येत नाही. आयुष्याची उमेदीची वर्षे बँकेत काढलेल्या माझ्यासारख्याला साक्षीदाराच्या सहीचे मोल वेगळे सांगायला नको. इथे साक्षीदार हजर आहे, पण सही नाही! रहस्यकथेला याहून चांगला ऐवज कोणता मिळणार? आपल्याकडच्या ‘तेरी मेहरबानियां’मध्ये (१९८५) मालकाच्या खुनाचा सूड घेणारा मोती शेवटपर्यंत मुकाच राहतो. मात्र अशा साक्षीदाराला वाचा फुटली, तर लगेच दुसरा प्रश्न उभा राहतो. त्याचे ऐकणार कोण?

डिस्नेचा ‘वन हंड्रेड अँड वन डाल्मेशियन्स’ (१९६१) अनेक घरांतल्या मुलांनी पाहिला असेल. पाँगो आणि पर्डिटा यांची पंधरा पिल्ले चोरीला जातात. कातड्याच्या कोटाचा हव्यास असलेल्या क्रुएलाने ती पळवलेली असतात. लंडनमधून निघालेली ही बातमी संध्याकाळच्या भुंकण्यातून, एका कुत्र्याकडून दुसऱ्याकडे अशी थेट खेड्यापर्यंत पोहोचते. माणसांना त्यात नुसता कलकलाट ऐकू येतो आणि आपल्याला शब्द कळतात. पुढे अंगाला काजळी फासून, काळे कुत्रे बनून ही सारी मंडळी क्रुएलाच्या डोळ्यांदेखत निसटू पाहतात. तेवढ्यात छपरावरचे बर्फ वितळते, थेंब ठिबकू लागतात आणि एका पिलाच्या अंगावर पांढरा डाग उमटतो. त्या एका थेंबाला लहानथोर सारेच श्वास रोखून धरतात.

हीच युक्ती मार्टिन रोझेन यांनी ‘द प्लेग डॉग्ज’मध्ये (१९८२) वापरली, पण ती मुलांना रिझवण्यासाठी नव्हे. रिचर्ड अॅडम्स यांच्या कादंबरीवरचा हा चलत्‌चित्रपट इंग्लंडच्या लेक डिस्ट्रिक्टमध्ये घडतो. प्रयोगशाळेत राउफला पाण्याच्या टाकीत पुन्हा पुन्हा बुडवले जाते, तर स्निटरच्या मेंदूवर शस्त्रक्रिया झालेली आहे. दोघे पळून जातात. त्यांच्या अंगी प्लेग असल्याची बोलवा उठते, वर्तमानपत्रे तिला वारा घालतात आणि अखेर बंदुका निघतात. आपल्याला त्यांचा शब्द न् शब्द कळत असतो, त्यांच्या मागे लागलेल्यांना मात्र एकही नाही. शेवटी दोघे धुक्यात समुद्रात पोहत जातात. बेट लागते की नाही, हे चित्रपट सांगत नाही.

कुत्र्याचे बोलणे एकाच माणसाला ऐकू येऊ लागले की भय आपली जागा बदलते. ‘अ बॉय अँड हिज डॉग’ (१९७५) अणुयुद्धानंतरचे २०२४ साल रंगवतो. ते साल आता आपल्यामागे पडले, पण चित्रपट जुना झालेला नाही. त्यातला ब्लड हा कुत्रा ओठ न हलवता व्हिक या तरुणाच्या मनाशी बोलतो. तो त्याच्यापेक्षा शहाणाही आहे आणि बेरकीही. मग दोघांत मालक कोण, हे ठरवणे अवघड होऊन बसते.

स्पाइक ली यांचा ‘समर ऑफ सॅम’ (१९९९) तर प्रत्यक्ष घडलेल्या हत्याकांडावर बेतलेला. न्यूयॉर्कमध्ये १९७६-७७ या काळात सहा जणांचे बळी घेणाऱ्या डेव्हिड बर्कोविट्झने पकडला गेल्यावर सांगितले, की शेजाऱ्याच्या कुत्र्यातला सैतान आपल्याला हुकूम देत होता. चित्रपटात तो कुत्रा खरोखरच बोलतो. पण १९७९ मध्ये बर्कोविट्झने स्वतःच कबूल केले, की कुत्र्याची ती गोष्ट बनावट होती. माणसाने आपला गुन्हा मुक्या जनावराच्या तोंडी घातला होता! मार्जान सात्रापी यांच्या ‘द व्हॉइसेस’मध्ये (२०१४) मनोरुग्ण जेरीशी त्याचा कुत्रा चांगले आणि मांजर वाईट बोलते. दोघांनाही आवाज आहे तो जेरीचे काम करणाऱ्या रायन रेनॉल्ड्सचाच. दिग्दर्शिकेला काय सांगायचे आहे, ते इथेच कळते. हे तिन्ही चित्रपट मोठ्यांसाठी आहेत, मुलांना दाखवण्याजोगे नाहीत.

आपल्या महाभारताला हे फार पूर्वी उमगले होते. आदिपर्वात, जनमेजयाच्या यज्ञात शिरलेल्या कुत्र्याच्या पिलाला राजाचे भाऊ मारतात. ते रडत आईकडे, सरमेकडे जाते. सरमा भर यज्ञात येऊन विचारते, की माझ्या लेकराने हविर्द्रव्याला तोंड लावले नाही, त्याकडे पाहिलेही नाही, मग त्याला का मारले? आणि ती शाप देते, की न दिसणारे भय तुमच्यावर येईल. थरारपटाची याहून नेमकी व्याख्या मला तरी सापडलेली नाही. महत्त्वाचे हे, की राजाने ते ऐकले, तो धास्तावला आणि शापाच्या शांतीसाठी योग्य पुरोहित शोधू लागला.

म्हणून या चित्रपटांची किंमत कुत्र्याचे ओठ किती सफाईने हलतात यावर ठरवू नये. आपल्याला नको असलेले शब्द आपण त्याच्या तोंडी घालतो आहोत, की त्याला जे सोसावे लागते ते ऐकतो आहोत, हे पाहावे. चित्रपट संपल्यावर घरातले लहान मूल हटकून विचारते, “कुत्रे खरेच बोलतात का?” ‘नाही’ म्हणून तो विषय तिथेच मिटवू नका. अंग चोरून बसलेला, शेपूट पायांत घातलेला, हात उगारताच दचकणारा कुत्रा त्याला दाखवा आणि त्यालाच विचारा, हा काय सांगतो आहे?