मैदानावर सगळ्यात आधी धावतो ॲथलेटिक ट्रेनर, मग त्याच्याच तपासणीचं बिल का अडतं?

२ जानेवारी २०२३. अमेरिकेतल्या सिनसिनाटी शहरात बफेलो बिल्स आणि सिनसिनाटी बेंगल्स या संघांमध्ये अमेरिकन फुटबॉलचा सामना सुरू होता. एका टकरीनंतर बिल्सचा खेळाडू डमार हॅमलिन उठून उभा राहिला आणि पुढच्याच क्षणी कोसळला. त्याचं हृदय बंद पडलं होतं. मैदानावर त्याला सीपीआर दिला तो संघाचे सहाय्यक ॲथलेटिक ट्रेनर डेनी केलिंग्टन यांनी. हॅमलिन वाचला आणि पुढच्या मोसमात पुन्हा मैदानात उतरला.

या एका घटनेमुळे 'ॲथलेटिक ट्रेनर' हा शब्द जगभर पोहोचला. पण याच पेशातला माणूस एखाद्या क्लिनिकमध्ये बसून खेळाडूचा सुजलेला घोटा तपासतो, तेव्हा त्या तपासणीचे पैसे विमा कंपनी देईलच याची खात्री नसते. गंमत म्हणजे या तपासणीसाठी अमेरिकेत २०१७ पासून स्वतंत्र बिलिंग कोड आहेत.

मग घोडं अडतं कुठे?

हा जिममधला ट्रेनर नव्हे

आपल्याकडे ट्रेनर म्हटलं की जिममध्ये डंबेल्स उचलून घेणारा माणूस डोळ्यांसमोर येतो. अमेरिकेतला ॲथलेटिक ट्रेनर वेगळा. दुखापत टाळणं, दुखापत झाली तर जागेवर उपचार करणं, तपासणी आणि पुढचं पुनर्वसन हे त्याचं काम. त्यासाठी पदवी आणि प्रमाणपत्र परीक्षा लागते आणि काम डॉक्टरांच्या देखरेखीत किंवा सहकार्याने चालतं. अमेरिकन मेडिकल असोसिएशनने १९९० मध्ये या पेशाला आरोग्यसेवेतला पेशा म्हणून मान्यता दिली.

शाळा, कॉलेज किंवा व्यावसायिक संघात नोकरी असेल तर पगार मिळतो. तिथे खेळाडूच्या नावाने बिल फाडायचा प्रश्न सहसा येत नाही. प्रश्न येतो तो क्लिनिक आणि हॉस्पिटलमध्ये.

बिलात शब्द नाहीत, आकडे असतात

अमेरिकेत विमा कंपनीकडे क्लेम पाठवताना दोन गोष्टी सांगाव्या लागतात. पेशंटला काय झालं आणि त्याच्यासाठी काय केलं.

'काय झालं' हे आयसीडी-१० कोड सांगतो. उजवा घोटा मुरगळला असेल आणि नेमका कोणता लिगामेंट दुखावला ते स्पष्ट नसेल, तर कोड असतो एस ९३.४०१ए. शेवटचा 'ए' म्हणजे उपचार सुरू आहेत. मूळ उपचार संपून बरं होण्याचा टप्पा चालू असेल, तर तिथे 'डी' येतो. दुखापत कोणता खेळ खेळताना झाली यासाठीही कोड आहेत. बास्केटबॉलसाठी वाय ९३.६७. क्रिकेटला मात्र स्वतःचा नंबर नाही. ते वाय ९३.६९ या 'इतर सांघिक खेळ' गटात बसतं.

'काय केलं' हे सीपीटी कोड सांगतो. हे कोड अमेरिकन मेडिकल असोसिएशन ठरवते. ॲथलेटिक ट्रेनरच्या तपासणीसाठी यात चार कोड आहेत:

- ९७१६९: साधी तपासणी, साधारण १५ मिनिटं. हालचालींवर परिणाम करणारा दुसरा कोणताही आजार नाही.
- ९७१७०: मध्यम गुंतागुंत, साधारण ३० मिनिटं. असे एक-दोन इतर आजार किंवा अडचणी आहेत.
- ९७१७१: जास्त गुंतागुंत, साधारण ४५ मिनिटं. अशा तीन किंवा जास्त अडचणी आहेत.
- ९७१७२: फेरतपासणी, साधारण २० मिनिटं.

फक्त घड्याळ बघून कोड निवडता येत नाही. पेशंटचा पूर्वेतिहास, शरीराच्या किती बाबी तपासल्या आणि निर्णय किती गुंतागुंतीचा होता, हे सगळं नोंदीत दिसावं लागतं. ४५ मिनिटं लागली, पण कागदावर फक्त 'घोटा सुजलाय' एवढंच लिहिलं, तर ९७१७१ लावता येत नाही.

२०१७ च्या आधी या कामासाठी दोनच कोड होते, एक तपासणीचा आणि एक फेरतपासणीचा. म्हणजे कागदावर तरी या पेशाची बढती झाली.

कोड आहे, भाव नाही

खरी अडचण इथे सुरू होते. मेडिकेअर ही प्रामुख्याने ६५ वर्षांवरच्या नागरिकांसाठीची अमेरिकी सरकारी विमा योजना. तिच्या दरपत्रकात या चारही कोडसमोर 'आय' हे अक्षर आलं. अर्थ, मेडिकेअरसाठी अवैध. त्याच वर्षी फिजिओथेरपीच्या तपासणीलाही नवे कोड मिळाले, ९७१६१ ते ९७१६३. त्यांना मात्र मेडिकेअरने दर दिला.

याचं मूळ जुनं आहे. फिजिओथेरपीची सेवा डॉक्टरांच्या नावाखाली द्यायची असेल, तरी ती देणारा माणूस फिजिओथेरपिस्टच्या पात्रतेचा हवा, असा मेडिकेअरचा नियम २००५ मध्ये लागू झाला. त्या दारातूनही ॲथलेटिक ट्रेनर बाहेर पडले.

आता कुणी म्हणेल, शाळकरी खेळाडूचा आणि ज्येष्ठांच्या योजनेचा संबंध काय? संबंध असा की अनेक खासगी विमा कंपन्या आपले दर आणि नियम ठरवताना मेडिकेअरकडे बघतात. तिथे भाव नसेल, तर इथे प्रत्येक कंपनीशी वेगळी बोलणी करावी लागतात. काही देतात, काही देत नाहीत. त्यात राज्याचा परवाना हा आणखी एक मुद्दा. इतर राज्यांनी परवाना किंवा नोंदणीची पद्धत आणली, तरी कॅलिफोर्निया वर्षानुवर्षं त्याबाहेर राहिलं. २०२८ मध्ये क्रिकेट ऑलिंपिकमध्ये परततंय, तेही याच राज्यात.

मग फिजिओचा कोड लावला तर?

पैसे मिळत नाहीत म्हटल्यावर पळवाट समोरच दिसते. तपासणी ट्रेनरने करायची आणि बिलावर फिजिओचा ९७१६१ लावायचा.

हे चुकीचं आहे आणि महागात पडू शकतं. व्यायाम करून घेण्याचा ९७११० सारखा कोड एकाच पेशापुरता बांधलेला नाही. तपासणीचे कोड मात्र पेशानुसार वेगळे आहेत. जी तपासणी फिजिओने केलीच नाही, ती त्याने केली असं दाखवणं म्हणजे खोटा क्लेम. सरकारी योजनेला जाणूनबुजून असं बिल पाठवलं तर 'फॉल्स क्लेम्स ॲक्ट'खाली रकमेच्या तिप्पट भरपाई आणि वर दंड, अशी तरतूद आहे.

पुण्यातल्या नाईट शिफ्टचा संबंध

अमेरिकेतल्या बिलांचं बरंच काम भारतात होतं. पुणे आणि नवी मुंबईतही मेडिकल कोडिंग आणि एआर कॉलिंगचं काम चालतं. क्लेम नाकारला गेला की तो अशा टीमसमोर येतो.

नकाराचं कारणही कोडमध्येच येतं. १७० म्हणजे 'या प्रकारच्या सेवादात्याने ही सेवा दिल्यास पैसे नाहीत'. पण त्या आकड्याच्या आधीची दोन अक्षरं जास्त महत्त्वाची. 'सीओ' असेल तर नुकसान क्लिनिकने सोसायचं, पेशंटकडे मागायचं नाही. 'पीआर' असेल तर ती रक्कम पेशंटच्या खिशातून जाणार. दोन अक्षरं वाचण्यात गल्लत झाली, तर एखाद्या कुटुंबाला न लागणारं बिल जाऊ शकतं.

अडकलेलं चक्र

फिजिओथेरपिस्ट आणि ॲथलेटिक ट्रेनर यांच्यात कामाच्या हद्दीवरून वाद आहे. पुनर्वसन हे आपलं शिक्षण आणि आपला परवाना, असं फिजिओंच्या बाजूने मांडलं जातं. खेळाडूला आम्ही पहिल्या मिनिटापासून बघतो, ही ट्रेनरची बाजू. विमा कंपनीला आणखी एका पेशाला पैसे देण्याची घाई नसते.

या वादात एक चक्र तयार झालंय. पैसे मिळत नाहीत म्हणून क्लिनिक हे कोड वापरायला तयार नसतात. कोड वापरले जात नाहीत म्हणून किती खेळाडूंची तपासणी ट्रेनर करतात, याची नोंद क्लेममध्ये उमटत नाही. आणि नोंद नसलेल्या कामाचा भाव मागायचा तरी कशाच्या जोरावर? म्हणूनच पैसे येवोत न येवोत, खरा कोड लिहिण्याला महत्त्व आहे.

अमेरिकेत मुलं खेळत असतील तर

तिथल्या मराठी पालकांनी क्लिनिकमध्ये तपासणीआधी चार प्रश्न विचारून ठेवावेत. तपासणी नेमकं कोण करणार? बिलावर कोणता कोड जाणार? हा कोड आमच्या विम्यात बसतो का? आणि विमा कंपनी नाही म्हणाली, तर पैसे कुणी भरायचे?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर तोंडी नको, लेखी घ्यावं.