'घरच्यासारखी' म्हणजे नेमकी कशी?

यंदा चतुर्थीला नेहमीप्रमाणे सगळे मूळ घरी जमलो होतो. माटोळी बांधून झाली, आरत्या झाल्या, पंगती उठल्या आणि सोप्यावर सुपारी कातरत गप्पा सुरू झाल्या. विषय ठरलेलाच. "आतां मनीस मेळनात." माडावर चढायला पाडेली मिळत नाही, कुळागरात शिंपणं करायला कुणी येत नाही, भांडी घासायला बाई टिकत नाही. कुणी मिळालाच तर तो झारखंडचा नाहीतर ओडिशाचा, आणि तोही दुसरीकडे पाचशे रुपये जास्त मिळाले की चालता होतो. मग कुणीतरी उसासा टाकून ठरलेला समारोप केला, "पूर्वीची माणसंच वेगळी. अगदी घरच्यासारखी असायची!"

सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली असती. पण मी बसलो होतो तिथून मागीलदार दिसत होतं. तिथे त्या दिवसापुरत्या कामाला आणलेल्या दोन बायका भांड्यांच्या ढिगाशी बसल्या होत्या. दुपारचे साडेतीन वाजले होते आणि त्या अजून जेवल्या नव्हत्या.

तेव्हापासून हा 'घरच्यासारखी' शब्द डोक्यातून जात नाही. आज त्याच्याशी जरा भांडायचं ठरवलं आहे. भांडण दुसऱ्यांशी आहे तसं स्वतःशीही आहे, हे आधीच सांगून टाकतो.

आधी साधा प्रश्न. घरची माणसं म्हणजे कोण? घरच्या माणसाला घरात वाटा असतो. तो आजारी पडला तर त्याचं जेवण थांबत नाही. तो रागावू शकतो, नाही म्हणू शकतो आणि तरीही घरचाच राहतो. आता आपल्या घरातल्या त्या 'घरच्यासारख्या' माणसांना यातलं काय होतं? त्यांचा चहाचा कप मागीलदारच्या फळीवर वेगळा असायचा. नाही म्हणण्याची सोय तर नव्हतीच. म्हणजे घरच्या माणसाची कामं सगळी त्यांच्याकडे आणि घरच्या माणसाचे हक्क सगळे आपल्याकडे. 'सारखी' हा शब्द किती सोयीचा आहे बघा. घरची नव्हे, घरच्यासारखी!

आमच्या आजोबांचं शंभरेक माडांचं भाट होतं. फार मोठे भाटकार नव्हेत, पण भाटकारच. त्या भाटात एक मुंडकाराचं घर होतं. घर कसलं, मातीच्या भिंती आणि चुडतांचं छप्पर. त्या घरातल्या माणसांनी माडांची राखण करायची, पडलेले नारळ गोळा करून आणून द्यायचे, आमच्याकडे लग्नमुंज असली की सगळ्यांनी राबायला यायचं. बदल्यात काय, तर राहायला जागा. शिवाय सणाला जेवण, जुने कपडे आणि अडीअडचणीला चार पैसे. आजोबा वाईट नव्हते. त्या घरातलं पोर तापाने फणफणलं तेव्हा रात्री बैलगाडी जुंपून त्यांनी ते डॉक्टरकडे नेलं होतं, ही गोष्ट आमच्या घरात अजून सांगतात. ती खरीही आहे.

मग 1975 साली, शशिकलाताई काकोडकर मुख्यमंत्री असताना, मुंडकार संरक्षण कायदा आला. मुंडकाराला घरातून काढता येणार नाही, त्याच्या नावाची नोंद होईल, ठरावीक किंमत भरून तो ते घर आणि भोवतालची थोडी जागा विकत घेऊ शकेल, अशी ती तरतूद. आमच्या मुंडकाराने नाव नोंदवलं. त्या दिवसापासून आजोबा त्याच्याशी बोलले नाहीत. मरेपर्यंत नाही. "तीन पिढ्या आमचं मीठ खाल्लं आणि उलटला," हे वाक्य मी लहानपणी इतक्यांदा ऐकलं की मला ते खरंच वाटायचं.

आज वाटतं, कुणी कुणाचं मीठ खाल्लं? तीन पिढ्या राखण त्याने केली, नारळ आमचे विकले गेले. त्या माणसाने मागितलं तरी काय? ज्या भिंती त्याच्या आज्याने हाताने उभ्या केल्या, त्यांच्यातून उद्या कुणी 'चालता हो' म्हणणार नाही एवढी खात्री. एवढ्यानेच तुटावं असं ते प्रेम असेल, तर त्या प्रेमाचा पाया काय होता? पाया हा होता की तो कधीही बाहेर काढला जाऊ शकत होता. ती भीती गेली आणि आमचं प्रेमही गेलं!

आमच्यातली बरीच मंडळी म्हणतात की कूळ कायद्याने आणि मुंडकार कायद्याने भाटकार आणि मुंडकार यांचा जिव्हाळा संपवला. मी म्हणतो, कायद्याने जिव्हाळा मोजून दाखवला. ज्या थोड्या घरांत तो खरा होता, तिथे तो कायद्यानंतरही टिकला. अशी घरं मी पाहिली आहेत. मुंडकाराचा मुलगा आज स्वतःच्या पक्क्या घरात राहतो आणि भाटकाराच्या म्हाताऱ्या बायकोला आपल्या गाडीतून इस्पितळात नेतो. त्याला कुणी सांगितलेलं नसतं. नाही म्हणता येत असताना तो हो म्हणतो, म्हणून त्या हो म्हणण्याला किंमत आहे.

कायद्याने एक माणूस मात्र बाहेर ठेवला. भाटकाराच्या घरातच किंवा आवारातल्या खोलीत घरकामासाठी राहणाऱ्या नोकराला त्याने मुंडकार मानलं नाही. म्हणजे सगळ्यात जवळ, अगदी चुलीशी, राबणारं माणूस सगळ्यात उघडं राहिलं.

आता माझ्या घराकडे येतो.

मी तिसरीत असताना, 1988 साली, आमच्याकडे एक बाई कामाला आली. आम्ही तिला मावशी म्हणायचो. ती 2019 पर्यंत आमच्याकडे होती. 31 वर्षं. माझ्या धाकट्या बहिणीला तिने न्हाऊ घातलं, माझ्या मुलालाही न्हाऊ घातलं. गुडघे गेले तेव्हा तिने काम सोडलं. त्या दिवशी आईने तिला साडी नेसवली, ओटी भरली आणि हातात पाच हजारांचं पाकीट ठेवलं. दोघीही रडल्या. ते रडणं खोटं होतं असं मी कधीही म्हणणार नाही.

तेव्हा तिचा पगार महिना 4,500 रुपये होता. पुढच्या आठवड्यात नवी बाई आली. तिने पहिल्याच दिवशी 6,500 मागितले आणि आम्ही दिले. कुरकुर केली, पण दिले.

हे गणित जरा थांबून वाचा, कारण आपल्या बहुतेक घरांत ते असंच आहे. जुन्या माणसाचा पगार नव्या माणसापेक्षा कमी. नवा माणूस बाजारभाव बोलतो. जुना माणूस भिडेपोटी बोलत नाही. वर्षानुवर्षं राहिल्याची ही शिक्षा! आणि मग आपणच सोप्यावर बसून विचारतो की माणसं टिकत का नाहीत. कशाला टिकतील? टिकून राहिल्याने काहीच वाढत नसेल, तर पगार वाढवून घ्यायचा एकच मार्ग उरतो, सोडून जाणं. झारखंडच्या त्या पोराला हे कळलं आहे. आपल्या मावशीला ते कळलं नव्हतं, किंवा कळूनही ती बोलली नाही. त्यालाच आपण 'घरच्यासारखी' म्हणतो.

मी सरकारी कारकून. गेली कित्येक वर्षं लेखा विभागात निवृत्तीची प्रकरणं तयार करतो. 2021 साली आमच्या कार्यालयातल्या एका शिपायाची फाईल माझ्या टेबलावर होती. त्याची उपदानाची रक्कम, शिल्लक अर्जित रजेचे 300 दिवसांपर्यंतचे पैसे, निवृत्तिवेतन. त्याचीही सेवा नेमकी 31 वर्षांची भरली. आकडा लिहिला आणि पेन थांबलं. हा आकडा मी आधी कुठेतरी पाहिला होता.

त्या रात्री घरी बसून मावशीचा हिशेब केला. 1972 च्या ग्रॅच्युइटी कायद्याने खाजगी आस्थापनांसाठी घातलेलं सूत्र सोपं होतं. शेवटच्या मासिक पगाराला 26 ने भागायचं, 15 ने गुणायचं आणि मग जितकी वर्षं सेवा झाली तितक्यांनी गुणायचं. हे सूत्र घरकामाच्या बाईला लागू नाही, हे मला माहीत आहे. पण मोजायला पट्टी तर हवी. 4,500 धरून उत्तर आलं सुमारे 80,481 रुपये. नव्या बाईला ज्या भावाने आणली त्या भावाने, म्हणजे 6,500 धरून, आलं 1,16,250 रुपये. आम्ही दिले होते पाच हजार, एक साडी आणि एक नारळ.

यावर लोक काय म्हणतात ते मला ठाऊक आहे, कारण आमच्या घरातही तेच म्हटलं गेलं. तिच्या मुलीच्या लग्नाला आपण मदत केली नाही का? मुलाची पुस्तकं घेतली नाहीत का? औषधाला पैसे दिले नाहीत का? दिले. पण ते आपल्या मर्जीने, आपल्याला सुचलं तेव्हा, आपल्याला जमेल तेवढे. आणि दर वेळी ती उपकाराखाली आली. सरकारने उद्या माझा महागाई भत्ता बंद केला आणि सांगितलं की मुलीच्या लग्नाला ये, साहेबांच्या मनात आलं तर काहीतरी देतील, तर आम्ही कर्मचारी काय करू? पणजीत मोर्चा काढू. सातव्या वेतन आयोगाच्या एकेका दिवसाचा फरक आम्ही वसूल केला आहे. दर वर्षी तीन टक्के वेतनवाढ न मागता मिळते. आणि तोच मी संध्याकाळी घरी येऊन बाईच्या दोन दिवसांच्या खाड्याचे पैसे कापायचे की नाही यावर चर्चा करतो!

आठवड्याच्या सुट्टीचंच घ्या. नारायण मेघाजी लोखंडे यांनी 1884 साली मुंबईच्या गिरणी कामगारांची संघटना उभी केली आणि 1890 साली त्यांना रविवारची सुट्टी मिळवून दिली. त्याला सव्वाशेहून जास्त वर्षं झाली. आपल्या किती घरांत भांडीवाल्या बाईला रविवार आहे? उलट रविवारी पाहुणे, म्हणून काम जास्त. घरकामगारांसाठी आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने 2011 साली करार केला, तो भारताने मान्य केलेला नाही. जानेवारी 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केंद्र सरकारला अशा कामगारांसाठी कायद्याचा विचार करायला समिती नेमा, असं सांगितलं. कायदा यायचा तेव्हा येईल. पण रविवार द्यायला कायदा कशाला हवा?

कुणी म्हणेल, माया आणि हिशेब यांचं पटत नाही, वही आली की माणुसकी गेली. हे मला मान्य नाही. वाण्याकडे वही असते आणि त्याच्याशी आपले तीन पिढ्यांचे संबंध असतात. वही नसते तिथे हिशेब नसतो असं नव्हे. तिथे तो फक्त एकाच्या डोक्यात असतो आणि ते डोकं नेहमी मालकाचं असतं. आपण काय दिलं ते आपल्याला तारीखवार आठवतं. तिने काय दिलं ते 'तिचं कामच होतं' या तीन शब्दांत मावतं. आधी हिशेब चुकता करा. मग साडी द्या, ओटी भरा, हवं तेवढं रडा. तेव्हा ती साडी भेट होईल. हिशेबाच्या जागी दिलेली साडी ही भेट नव्हे, सूट आहे, आणि ती तिने आपल्याला दिलेली असते.

मी काय केलं ते सांगतो. फार मोठं केलेलं नाही. एकरकमी रक्कम जमली नाही, म्हणून महिना दोन हजारप्रमाणे तिच्या खात्यात भरायला सुरुवात केली. नव्या भावाचा हिशेब फिटायला 59 महिने लागतील असं वहीत लिहिलं. पाच हजार वजा केले नाहीत, ती ओटी होती. पहिल्या महिन्याचे पैसे भरून तिला सांगायला तिच्या घरी गेलो. ती ओट्यावर बसली होती. मी पैशांचं बोललो तशी तिचा चेहरा उतरला. गुडघ्यावर हात ठेवून ती म्हणाली, "म्हज्यान आतां काम जायना रे पुता."

तिला वाटलं मी पुन्हा कामाला बोलवायला आलो आहे. 31 वर्षांत आमच्या घरातून पैसे आले ते कामासाठीच, नाहीतर उपकार म्हणून. तिसरं कारण असू शकतं हे तिला माहीतच नव्हतं. तिला ते कसं माहीत असणार? आम्हालाही नव्हतं.

पुढच्या चतुर्थीला सोप्यावर तोच विषय निघेल. माझं एवढंच मागणं आहे की 'घरच्यासारखी' म्हणण्याआधी प्रत्येकाने एक वही काढावी. आपल्याकडे कोण किती वर्षं राबतं आहे, शेवटची पगारवाढ कधी दिली, सुट्टी कोणत्या वारी असते, एवढंच लिहावं. एक पान पुरे.

आणि हो, मागीलदारी बसलेल्यांना आधी जेवायला वाढावं.