कात्री नको, दारावर पहारा ठेवा

'डेडपूल' मला आवडला असं म्हटलं की लोक आधी माझ्या पांढऱ्या केसांकडे बघतात. बघू देत. हा महानायक तोंडाळ आहे, आचरट आहे, दर पाच मिनिटांनी रक्ताचे पाट वाहवतो आणि तरी पोट धरून हसवतो. ज्यांना तो आवडत नाही त्यांच्याशी माझं काहीच भांडण नाही. किळस येणं हाही प्रेक्षकाचा हक्कच आहे. माझं भांडण आहे ते माझ्या वतीने किळस वाटून घेणाऱ्या मंडळाशी.

न पाहिलेल्यांसाठी थोडक्यात सांगते. चित्रपट फेब्रुवारी २०१६ चा, दिग्दर्शक टिम मिलर, नायक रायन रेनॉल्ड्स. वेड विल्सन हा पैसे घेऊन दांडगाई करणारा माणूस. त्याला कॅन्सर होतो. उपचाराच्या नावाखाली त्याच्यावर अघोरी प्रयोग होतात. जखमा आपोआप भरून येतात, पण चेहरा कायमचा विद्रूप होतो. मग लाल पोशाख, दोन तलवारी आणि सूड. मध्येच तो आपल्याकडे वळून बोलतो, स्वतःच्याच चित्रपटाची आणि निर्मात्यांची टर उडवतो. आपल्या तमाशातला सोंगाड्या दुसरं काय करतो? आणि या माणसाच्या तोंडातली शिवी नुसती चावटपणाची नाही. मरण समोर दिसत असताना, शरीर ताब्यात उरलेलं नसताना, त्याच्या हातात राहिलेली ती एकच गोष्ट आहे. ती पुसली की उरतो तो फक्त तलवारी फिरवणारा एक माणूस. तसले आपल्याकडे काय कमी आहेत?

अमेरिकेत या चित्रपटाला 'आर' मिळाला, म्हणजे सतरा वर्षांखालच्यांनी मोठ्या माणसासोबतच यायचं. ब्रिटनमध्ये पंधरा वर्षांखालच्यांना प्रवेश नाही. आपल्याकडे 'ए' मिळाला, फक्त प्रौढांसाठी. इथपर्यंत माझी काहीही तक्रार नाही. चाळीस मुलांच्या वर्गासमोर आयुष्य काढलेल्या बाईला वयाचं बंधन कशासाठी असतं हे कुणी शिकवायला नको. पण 'ए' देऊनही कात्री लागलीच. नग्नता गेली, काही शिव्याही गेल्या.

हे मला समजत नाही, मंडळी. 'ए' प्रमाणपत्र म्हणजे दुहेरी वचन आहे. मुलाला आत सोडणार नाही हे एक, आणि आत आलेल्या मोठ्या माणसाला मोठ्यासारखं वागवू हे दुसरं. आपण दोन्ही मोडतो. 'ए' चित्रपटाच्या खेळाला आईच्या मांडीवर बसलेलं सहा-सात वर्षांचं पोर मी स्वतः पाहिलं आहे. दारावरच्या माणसाने तिकीट फाडलं, वय विचारलं नाही. म्हणजे ज्याला अडवायचं ते पोर आत, आणि ज्यांनी समजून उमजून पैसे मोजले त्यांच्या कानावर हात!

यात नवीन काही नाही. १९५२ च्या सिनेमॅटोग्राफ कायद्याने मंडळाला प्रमाणपत्राबरोबर कात्रीही दिली. ख्वाजा अहमद अब्बास सर्वोच्च न्यायालयात गेले. १९७० मध्ये न्यायालयाने पूर्वपरीक्षण वैध ठरवलं, पण कलेला मोकळी जागा हवी हेही बजावलं. १९८३ मध्ये मंडळाच्या नावातला 'सेन्सॉर' जाऊन 'प्रमाणन' आलं. पाटी बदलली, कात्री तीच. २०१६ मध्ये 'उडता पंजाब'ला आधी ८९ काटछाटींची चर्चा झाली, पुनर्परीक्षण समितीने १३ बदल सांगितले, आणि मुंबई उच्च न्यायालयाने एक दृश्य वगळून चित्रपट सोडला. उरलेल्या बारांवाचून संस्कृती बुडाली असं माझ्या तरी कानावर आलं नाही.

त्याच वर्षी एप्रिलमध्ये श्याम बेनेगल समितीने साधी गोष्ट सांगितली: मंडळाने वयाप्रमाणे वर्ग ठरवावेत, कापाकापी करू नये. २०२३ च्या दुरुस्तीत सात, तेरा आणि सोळा वर्षांचे 'यूए'चे टप्पे आले. म्हणजे शिफारशीतला सोयीचा भाग घेतला, आणि कात्री हातातच ठेवली. त्याआधी २०२१ मध्ये चित्रपटांचं अपील न्यायाधिकरणही मोडीत काढलं होतं. आता दाद मागायची तर थेट उच्च न्यायालय. शुक्रवारी चित्रपट लागायचा असताना कुठला वितरक कोर्टाच्या पायऱ्या चढेल? तो निमूट मान्य करतो, आणि कागदावर ते 'संमतीने केलेले बदल' दिसतात.

"पण मुलं बिघडतात त्याचं काय?" हा प्रश्न येणारच. बाकांवर कर्कटकने कोरलेल्या शिव्या मी वर्षानुवर्षं वाचल्या आहेत. त्या कुठल्याही चित्रपटातून आलेल्या नव्हत्या. आणि मुलांचीच काळजी असेल तर मुलांसाठी निराळी आवृत्ती काढता येते. निर्मात्यांनी ते केलंही. डिसेंबर २०१८ मध्ये दुसऱ्या भागाची सौम्य आवृत्ती 'वन्स अपॉन अ डेडपूल' या वेगळ्या नावाने आली. पहिला भाग नाकारणाऱ्या चीनमध्येही ती पुढच्या महिन्यात लागली. मूळ चित्रपट मोठ्यांसाठी जसाच्या तसा राहिला. याला म्हणतात सभ्यपणा.

उलट आपलं मंडळ कशाला घाबरतं बघा. २०१५ मध्ये 'स्पेक्टर'मधली चुंबनं निम्मी केली. २०२५ च्या 'सुपरमॅन'मधला तेहतीस सेकंदांचा प्रेमप्रसंग कापला. गगनचुंबी इमारती कोसळतात, शहरंच्या शहरं चुरा होतात, आणि कुणाचं थेंबभर रक्त सांडत नाही, असे चित्रपट मात्र पोराबाळांनी खुशाल बघावेत! मला विचाराल तर लहान मुलाला तेच अधिक घातक. गोळी लागली की माणूस फाटतो, हे 'डेडपूल' निदान लपवत तरी नाही.

माझी मागणी मोठी नाही. बेनेगल समितीचा उरलेला अर्धा अहवाल कायद्यात आणा. चित्रपटगृहाच्या दारावर वय तपासा, आणि ते न तपासणाऱ्याला खरोखर दंड करा. मी चौऱ्याहत्तर वर्षांची आहे. मतदान करते, कर भरते, मृत्युपत्रही करून ठेवलं आहे. एक शिवी ऐकण्याइतकी मोठी मी कधी होणार, ते मंडळाने एकदा कळवावं. ते जमत नसेल तर पाटीवरचं 'प्रमाणन' पुसून पुन्हा 'सेन्सॉर' लिहावं. निदान पाटी तरी खरी असेल.