सुट्टी हक्काची, रुसवा कशाला?



उन्हाळ्याची सुट्टी तोंडावर आली की आपल्या चाळीत, वस्तीत एकच बोलणे सुरू होते. गावी कधी निघणार? एस.टी.चे रिझर्व्हेशन झाले का? बुद्ध पौर्णिमेला कोण कोण येणार? पोरांच्या परीक्षा संपायच्या आत आईबापांच्या डोक्यात सुट्टीचा सगळा बेत तयार असतो. आणि जूनमध्ये कामावर परतल्यावर कुणाला विचारावे, “काय, सुट्टी कशी गेली?” तर उत्तर येते, “कसली सुट्टी घेऊन बसलात! नुसती दगदग आणि वर भांडणे.” असे का होते, याचा आज विचार करू.

आधी एक गोष्ट लक्षात घ्या. सुट्टी आपल्याला कुणी दान दिलेली नाही. एकेकाळी मुंबईच्या गिरण्यांतले कामगार दिवस उजाडल्यापासून मावळेपर्यंत राबत. आठवड्याची हक्काची सुट्टी त्यांना नव्हती. महात्मा जोतीराव फुले यांचे सत्यशोधक सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली गिरणी कामगारांची संघटना उभी केली, सभा घेतल्या, अर्ज केले. तेव्हा कुठे १० जून १८९० रोजी गिरणी मालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. पुढे १९४२ ते १९४६ या काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. त्यांच्या कारकिर्दीत, १९४५ साली, कारखाना कायद्यात दुरुस्ती झाली आणि बारमाही कारखान्यांत वर्षभर काम केलेल्या प्रौढ कामगाराला दहा दिवसांची पगारी रजा मिळाली. इतक्या लढ्याने मिळालेले दिवस आपण रुसव्याफुगव्यात घालवतो, याचे मला वाईट वाटते.

दुसऱ्याला कशाला नावे ठेवू? माझेच सांगतो. काही वर्षांपूर्वी बुद्ध पौर्णिमेला मी कोकणात गावी जायचे ठरवले. पतपेढीतून कर्ज काढले. सर्वांना पांढरे कपडे घेतले. आम्ही तिघे भाऊ, बहीण, सगळी मुलेबाळे एकत्र यायची. संध्याकाळी सहाला वंदना, मग खीर, मग आईला मध्ये बसवून सर्वांचा फोटो, असा माझा बेत होता.

प्रत्यक्षात काय झाले? धाकटा भाऊ सिक्युरिटीच्या नोकरीत. त्याला बदली माणूस मिळाला नाही, म्हणून तो आलाच नाही. बहीण आली ती दुपार टळल्यावर, आणि तिची मुलगी तापाने फणफणलेली. संध्याकाळी वीज गेली. मी चिडलो. “वर्षातून एक दिवस, तोही तुम्हाला जमत नाही,” असे बहिणीला सर्वांसमोर बोललो. मेणबत्तीच्या उजेडात वंदना झाली. मी ओठांनी पंचशील म्हणत होतो आणि मनात कोण आले नाही ते मोजत होतो. सगळे जमले नाहीत म्हणून मी फोटोही काढू दिला नाही.

रात्री पडवीत आई म्हणाली, “जो आला नाही, त्याच्या नावाने तू दिवसभर धुमसलास. जी आली, त्यांच्याशी दोन शब्द तरी बोललास का रे?” मी गप्प. पत्नी भांडी आवरत होती. ती म्हणाली, “अहो, सगळे तुमच्या मनासारखे झाले असते, तरी मी चुलीपुढेच असते. माझी सुट्टी तुमच्या बेतात होती कुठे?”

पुढच्या पौर्णिमेला आई नव्हती. त्या दिवसाचा फोटो आमच्या घरात नाही.

सारनाथला पाच परिव्राजकांना दिलेल्या पहिल्या प्रवचनात भगवान बुद्धांनी दुःख म्हणजे काय ते सांगितले. त्यात हवे ते न मिळणे हेही एक दुःख सांगितले आहे. त्या रात्री मला त्याचा अर्थ कळला. भाऊ आला नाही हे दुःख लहान होते. तो यायलाच हवा होता, या हट्टाने ते मोठे झाले. यावर उपायही तथागतांनीच दिला आहे. अष्टांगिक मार्गातील सम्यक स्मृती म्हणजे समोर जे चालले आहे त्याचे भान. सतिपट्ठान सुत्तात चालताना, बसताना, खाताना, बोलतानासुद्धा हे भान ठेवायला सांगितले आहे. म्हणजे ते भात कालवतानाही साधते आणि एस.टी.च्या रांगेतही.

येथे कुणी म्हणेल, “अहो, अपेक्षा सोडा, मिळेल त्यात सुख माना, हे तर आमच्या बापजाद्यांना पिढ्यान्‌पिढ्या ऐकवले. तेच तुम्ही सांगता?” प्रश्न रास्त आहे. पण हक्क वेगळा आणि अपेक्षा वेगळी. पगार, रजा, बोनस, मुलांचे शिक्षण हे हक्क आहेत. ते एक पैशानेही सोडू नका. ज्यासाठी उघडपणे अर्ज करता येतो, संघटना करता येते, तो हक्क. जी मनातल्या मनात ठेवायची, दुसऱ्याने आपोआप ओळखावी असे म्हणायचे आणि त्याने ओळखली नाही की रुसायचे, ती अपेक्षा. सोडायची ती ही. आणि घरातल्या बाईचा आराम ही अपेक्षा नव्हे, तो तिचा हक्क आहे, हेही पुरुषांनी लिहून ठेवावे.

मी कॉमर्सचा माणूस. अंदाजपत्रक हा अंदाज असतो. प्रत्यक्ष खर्च वेगळा आला म्हणून कुणी हिशेबाची वही फाडत नाही. सुट्टीचा बेतही तसाच धरावा. त्यासाठी आमच्या घरी आता चार गोष्टी ठरल्या आहेत.

एक, सुट्टीआधी सगळ्यांनी एकत्र बसायचे आणि प्रत्येकाने आपली एकच इच्छा सांगायची, लहान मुलांनीसुद्धा. जमेल ते करायचे, जमणार नाही ते त्याच वेळी सांगायचे. दोन, सणासुट्टीसाठी कर्ज काढायचे नाही. शेजाऱ्याचे बुद्धगयेचे फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाहून तर मुळीच नाही. तीन, स्वयंपाक, पाणी, भांडी ही कामे वाटून घ्यायची आणि निदान एक पूर्ण दिवस घरातल्या बायकांनी चुलीकडे फिरकायचे नाही. चार, रोज दहा मिनिटे सगळ्यांनी शांत बसून आपल्या श्वासाकडे लक्ष द्यायचे, आणि जेवताना मोबाईल लांब ठेवायचा.

गेल्या बुद्ध पौर्णिमेला आम्ही गावी गेलो. याही वेळी सगळे आले नाहीत. खीर आम्ही बापलेकांनी केली, ती थोडी करपली. पत्नी पडवीत बसून बहिणीशी हसत बोलत होती. त्या दोघींना इतक्या निवांत बसलेल्या मी कित्येक वर्षांत पाहिले नव्हते. जेवढे होतो तेवढ्यांचा फोटो काढला.

तेव्हा या सुट्टीत जो येईल त्याला पाणी द्या, जवळ बसवा, विचारपूस करा. जो येणार नाही त्याला फोन करा, पण टोमणा मारू नका. आणि घरात म्हातारे माणूस असेल, तर फोटोसाठी सगळे जमण्याची वाट पाहू नका.

जयभीम!