डिंक्या आमच्या आळसाने येत नाही!

शेतकरी भावांनो, आर्वी-आष्टी-कारंजाची संत्र्याची झाडं बुंध्यातून डिंक गाळत उभ्यानं वाळतात. साहेब म्हणतात, निगा नाही! आम्ही म्हणतो, फायटोफ्थोरा बुरशी पुष्कळदा नर्सरीच्या मातीतूनच बागेत येते. जंबेरी खुंट तिला लवकर बळी पडतो, रंगपूर लिंबू जास्त टिकतो. जमिनीलगत डोळा बांधलेल्या कलमा विकणाऱ्याला जाब कोण विचारणार? पाच वर्षं बाग पोसायची आम्ही, अन् दोषही आमचाच?

जाब आपणच विचारू. तोवर झाडं वाचवू. सडलेली साल खरवडा. पावसाळ्याआधी आणि नंतर बोर्डो मलम लावा: १ किलो मोरचूद, १ किलो कळीचा चुना, १० लिटर पाणी. बुंध्याला पाणी लागू नये म्हणून दुहेरी आळं करा. अन् डोळा मातीपासून ९ इंच वर नसेल, तर त्या कलमेला पैसा देऊ नका!