देणगी त्यांची, बिल आपले



निवडणूक आली की शहागडच्या पुलावरून गाड्यांचे ताफे धावू लागतात. झेंडे नवे, डिझेल फुकट, ढाब्यांवर पंगती. आपल्याला मात्र विहिरीवरची जळालेली मोटार भरून आणायची तर उसनवारी करावी लागते. मग हा पैसा येतो कुठून?

जुनी गोष्ट आठवा. १९८१ साली बॅ. अंतुले मुख्यमंत्री होते. सिमेंटवर सरकारचे नियंत्रण होते. बिल्डरांनी इंदिरा गांधी प्रतिभा प्रतिष्ठानला देणग्या द्यायच्या आणि सिमेंटचा कोटा घ्यायचा, असा आरोप झाला. जानेवारी १९८२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात न्या. लेंटिन यांनी देणगीचे आणि सिमेंटचे नाते जोडले. अंतुल्यांना खुर्ची सोडावी लागली.

पुढे शहाणपण आले, पण कसले? देणगी थांबली नाही, नाव झाकले गेले. कंपनीने नफ्याच्या साडेसात टक्क्यांपेक्षा जास्त देणगी देऊ नये, हे बंधन २०१७ साली काढले. २०१८ पासून निवडणूक रोखे आले. स्टेट बँकेतून रोखा घ्यायचा, पक्षाला द्यायचा, मतदाराला पत्ता नाही. १५ फेब्रुवारी २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ही योजना घटनाबाह्य ठरवली, तेव्हा याद्या बाहेर आल्या. सर्वांत मोठा खरेदीदार निघाला लॉटरीवाला, १,३६८ कोटींचा. त्याच्या खालोखाल सरकारी ठेके घेणारी कंपनी. सर्वांत मोठा वाटा दिल्लीच्या सत्ताधारी भाजपचा. पण काँग्रेस, शिवसेना, राष्ट्रवादी यांचेही हात कोरडे नव्हते.

आता आपल्या बांधावर या. ऑगस्ट २०२५ मध्ये सरकारने कापसावरचे ११ टक्के आयात शुल्क काढले आणि ती सूट पुढे वर्षअखेरपर्यंत वाढवली. गिरण्यांची मागणी मान्य झाली. आपला कापूस तेव्हा बोंडातच होता. यामागे कोणाची देणगी होती, असे आम्ही म्हणत नाही. तसा पुरावा आमच्याकडे नाही. आम्ही एवढेच म्हणतो, की ज्याच्या भावाचा निर्णय होतो, त्याला निर्णय करणाऱ्याचा पोशिंदा कोण हे कळले पाहिजे.

रोखे गेले, भोके राहिली. वीस हजारांपर्यंतच्या देणगीदाराचे नाव पक्षाला आजही जाहीर करावे लागत नाही. विधानसभेच्या उमेदवाराला ४० लाखांची मर्यादा आहे, पक्षाच्या खर्चाला कसलीच नाही.

आणि दोष आपलाही आहे. पंगतीत बसताना आपण विचारले का, ही पंगत कोणाची? उमेदवाराचे जेवण खाल्ले की भाव मागताना जीभ अडखळते.

म्हणून आमची मागणी साधी आहे. मतदानाआधी प्रत्येक देणगीदाराचे नाव जाहीर करा. पक्षांच्या खर्चाला मर्यादा घाला. आणि भावांनो, गावात मते मागायला येणाऱ्याला भर सभेत एकच प्रश्न विचारा: गाडीत डिझेल कोणी भरले?

ज्याचे डिझेल, त्याची गाडी. ती आपल्या शेताकडे वळावी असे वाटत असेल, तर पाच-दहा रुपयांची वर्गणी आपणच देऊ, पावती घेऊ आणि हिशेबही मागू.